सासूबाईंची जीभ

सासरे गेल्यानंतर वर्षभराने सासूबाई नगरचं घर बंद करून आमच्याकडे अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला राहायला आल्या. एअरपोर्टवर मी त्यांना मिठी मारली. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून जरा लांब केलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बरी दिसतेस. इथलं खाणं दोघांना मानवायला हवं होतं, ते तुला एकटीलाच मानवलेलं दिसतंय."

नवरा मोठ्याने हसला. मीही हसले. घरी आल्यावर बाथरूमच्या आरशात मात्र मी बराच वेळ स्वतःला बाजूने बघत उभी होते.

सासूबाई नगरच्या एका मिशनच्या शाळेत मराठीच्या बाई होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आता ठिकठिकाणी पसरली आहेत, आणि त्यातलं कुणी भेटलं की पहिल्यांदा बाईंचं एखादं वाक्य सांगतं. एका मुलाचं अक्षर पाहून बाई काय म्हणाल्या, उशिरा आलेल्या शिपायाला काय म्हणाल्या. आमच्या घराण्यातल्या लग्नांतही त्यांची वाक्यं पुन्हा पुन्हा सांगितली जात. ज्याच्याबद्दल वाक्य असे तो माणूसही बाकीच्यांबरोबर हसे, कारण दुसरं काही करण्यासारखं नसे.

प्लेनोत त्यांना नवीन विषय भरपूर मिळाले. थंडीत शेजारी कुत्र्याला फिरवायला निघाला की त्या खिडकीतून म्हणत, "कुत्र्याला स्वेटर आणि स्वतः अर्ध्या चड्डीत." हे मलाही आवडायचं. पण शेजाऱ्याला मराठी येत नव्हतं आणि मला येत होतं, हा फरक होता. माझी भाकरी ताटात पडली की, "ही भाकरी आहे की टेक्सासचा नकाशा?" मी ऑफिसच्या कॉलवर इंग्रजी बोलले की, "तुझ्या साहेबाला कळतं का गं, का तोही माझ्यासारखा नुसती मान हलवतो?" मी नवऱ्याकडे तक्रार केली, की तो म्हणायचा, "अगं, आई तशीच आहे. मनात काही नसतं तिच्या."

मनात काही नसतं, हे मला खरं वाटायचं नाही. खरं काय होतं ते मला एका सकाळी कळलं, आणि तेही अपघाताने.

भारतातल्या टीमबरोबर माझा सकाळी लवकर कॉल असतो. मी तो सासूबाईंच्या शेजारच्या छोट्या खोलीत बसून घेते. इथल्या भिंती म्हणजे नुसते पुठ्ठेच. त्या दिवशी समोरचे लोक काहीतरी शोधत थांबले होते आणि मी म्यूटवर होते. भिंतीपलीकडून सासूबाईंच्या प्रार्थनेचा आवाज येत होता. त्या मोठ्याने प्रार्थना करतात, तोंडातल्या तोंडात नाही. मला एरवी शब्द कळत नसत. त्या दिवशी कळले.

"प्रभू, कालही बोलले. सुनेला बोलले. पोरगी दिवसभर राबते आणि मी तिला बोलले. किती वर्षं तुझ्याकडे तेच मागतेय. माझ्या जिभेला आवर घाल."

मी हेडफोन काढून ऐकत राहिले. त्यांना माहीत होतं तर! इतके दिवस मी धरून चालले होते, की आपण काय बोलतो ते यांच्या लक्षातच येत नाही. आणि इथे त्या रडत होत्या. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मला राग आला. माहीत आहे तर मग बोलता कशाला?

तासाभराने त्या टेबलाशी आल्या, उपम्याचा एक घास घेतला आणि म्हणाल्या, "हा खायचा आहे की भिंतीला लावायचा?"

आमच्या भागात मराठी ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच आहेत. रविवारी आम्ही सगळे आपापल्या घराजवळच्या अमेरिकन चर्चला जातो, आणि महिन्यातून एका शनिवारी कुणाच्या तरी घरी मराठी प्रार्थना सभा असते. गायनं, थोडं वचन, प्रार्थना आणि मग चिकन रस्सा आणि भात. सासूबाई आल्यावर सभेला रंग चढला. त्यांना सगळी जुनी गायनं चालीसकट येत होती. बायबलमधला कुठलाही भाग विचारा, त्या पुस्तक न उघडता सांगत. जिभेच्या पापाबद्दलही त्या इतकं सुंदर बोलल्या होत्या एकदा, की एक काकू डोळे पुसत होत्या. मी स्वयंपाकघरात भात बघायला निघून गेले होते.

सभेत नागपूरकडचं एक कुटुंब यायचं. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, युनिव्हर्सिटीत बायॉलॉजी शिकणारी. मुलं प्रार्थना करायची ती इंग्रजीत. एका सभेत सासूबाई म्हणाल्या, "मराठी प्रार्थना सभा म्हणायचं आणि देवाशी बोलायचं इंग्रजीत. का, त्याला मराठी येत नाही?" सगळे हसले. ती मुलगी हसली नाही. तिने ते मनावर घेतलं होतं.

पुढची सभा आमच्या घरी होती. आम्ही गोल करून बसलो होतो, डोळे मिटलेले. एकेक जण प्रार्थना करत होता. मध्येच त्या मुलीचा आवाज आला, आणि तो मराठीत होता. हळूहळू, एकेक शब्द ठेवत ती बोलत होती. देवाचे आभार मानले. आईवडिलांसाठी मागितलं. नागपूरच्या आजीच्या गुडघ्यांसाठी मागितलं. माझ्या शेजारी बसलेल्या तिच्या आईने माझं मनगट पकडलं, कारण तिलाही हे माहीत नव्हतं. मग ती मुलगी म्हणाली, "आणि प्रभू, माझ्या सगळ्या पाप्या माफ कर."

तिला पापं म्हणायचं होतं. पण लहानपणापासून तिने आजीला पापी दे, काकाला पापी दे हेच ऐकलेलं, त्यामुळे अनेकवचन तसं झालं. आम्हा सगळ्यांना कळलं. सगळ्यांनी ओठ दाबून धरले. तो एक क्षण निघून गेला असता तर काही झालं नसतं.

सासूबाई म्हणाल्या, "कुणाकुणाला दिल्यास गं एवढ्या?"

मग कुणालाच आवरलं नाही. एक काका तर खुर्चीवरून वाकून हसत होते. मीही हसले. मुलीने डोळे उघडले आणि सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "व्हॉट? व्हॉट डिड आय से?" आईने तिच्या कानात सांगितलं. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती पटकन "आमेन" म्हणाली आणि खाली बघत बसली. जेवायच्या वेळी ती दिसली नाही. बाहेर गाडीत जाऊन बसली होती.

जेवताना लोक सासूबाईंना म्हणत होते, "काकू, काय टायमिंग आहे तुमचं!" आणि सासूबाई खूश होत्या. त्या हसताना मान एका बाजूला करतात, तशी केली होती.

पुढच्या सभेला ती मुलगी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अभ्यास आहे म्हणून तिच्या आईने सांगितलं. मग एक दिवस तिच्या आईचा मला फोन आला. मी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये होते.

"तुला म्हणून सांगते," ती म्हणाली, "काकूंना नको सांगूस. ती मराठी बोलायचीच थांबलीय. घरात आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. आजीला दर रविवारी फोन करायची नागपूरला, तोही बंद केलाय. म्हणते, मला येत नाही तर कशाला बोलू. ती प्रार्थना ना, तिने आठवडाभर एकटीने पाठ केली होती. मला दाखवली असती तर मी शब्द बदलून दिला असता. पण तिला मला सरप्राइज द्यायचं होतं."

काकूंना नको सांगूस, असं ती म्हणाली होती. मी घरी गेले, पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या टेबलाशी गवार मोडत बसल्या होत्या. मी सांगत होते ते काळजीने नव्हे, हे मला सांगतानाच कळत होतं. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. इतक्या वर्षांत कुणी त्यांना त्यांच्या वाक्याचं पुढे काय झालं ते सांगितलं नव्हतं, आणि ते सांगायची संधी मला मिळाली होती.

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मीच तिला म्हटलं होतं मराठीत कर म्हणून," त्या म्हणाल्या. गवार अर्धी मोडलेलीच होती, ती सोडून खोलीत गेल्या. मला वाटलं होतं तसा आनंद काही झाला नाही. मी बसून उरलेली गवार मोडली.

त्याच आठवड्यातल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. इथे ते ट्रेमध्ये फिरवतात. भाकरीचे छोटे तुकडे आणि द्राक्षरसाचे इवलेसे कप. रांगेतून एकेकाच्या हातून ट्रे पुढे जातो. सासूबाईंच्या हातात तो आला. त्यांनी काहीच न उचलता तो माझ्या हातात दिला. मला वाटलं, चुकून झालं. मी ट्रे त्यांच्यासमोर धरला. त्यांनी मान हलवली आणि समोर बघत राहिल्या. ज्या बाईंनी आयुष्यात ताप असतानाही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं, त्यांच्या हातात त्या दिवशी रुमाल होता आणि त्या तो पिळत होत्या.

दुपारी जेवणं झाली. नवरा सोफ्यावर फुटबॉलची मॅच लावून बसला. सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन किचनमध्ये आल्या आणि हळूच म्हणाल्या, "गाडी काढतेस का?"

"कुठे जायचंय?"

"त्या मुलीच्या घरी."

मी म्हटलं, "ह्यांना सांगू का? मला भांडी आहेत."

"नको. तो म्हणेल, जाऊ दे ना आई, चेष्टा होती. आणि मग मी खरंच जाऊ देईन." त्या थांबल्या. "मला इथे गाडी चालवता येत नाही. चालत जायला रस्ता नाही. तुझ्याकडेच मागावं लागतंय."

'तुझ्याकडेच' हा शब्द त्यांनी कसा उच्चारला ते मला लिहून दाखवता येणार नाही. मी हात पुसले आणि किल्ली घेतली.

हायवेवर रविवारची तुरळक गर्दी होती. सासूबाई मांडीवरची पर्स उघडत आणि मिटत होत्या. मग आपणहूनच बोलायला लागल्या, पुढच्या काचेकडे बघत.

"तुझे सासरे गायचे, तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. सासऱ्यांना गाताना मी कधीच ऐकलं नव्हतं.

"लग्न झालं तेव्हा गायचे. चर्चमध्ये नाही, घरीच. दाढी करताना, सायकल पुसताना. आवाज काही बरा नव्हता. एकदा माझ्या माहेरची माणसं आली होती. हे आत गात होते. मी म्हटलं, आमच्याकडे कुकरला वेगळी शिट्टी लागत नाही. सगळे हसले. हेही हसत बाहेर आले." त्या पदर सारखा करत राहिल्या. "त्यानंतर गायले नाहीत. मी शाळेत गेल्यावर गायचे, असं शेजारीण सांगायची. मी घरात असताना कधी नाही. मी देवाजवळ माफी मागितली, किती वेळा मागितली. त्यांच्याजवळ मागितली नाही. म्हटलं, एवढ्याशा गोष्टीची काय माफी मागायची. आता कुणाजवळ मागू?"

मी इंडिकेटर देऊन लेन बदलली.

"सगळं करून पाहिलं मी," त्या म्हणाल्या. "उपास केले. लग्नाकार्यात तोंडात लवंग धरून बसायचे, बोलू नये म्हणून. लवंग चावून व्हायची आणि मी बोलायचे. ते तोंडात येतं ना, तेव्हा गोड लागतं गं. बोलून झाल्यावर कळतं." मग म्हणाल्या, "आज मला हात पुढे करवेना. म्हटलं, आधी सुधारावं, मग घ्यावं. लायक झाल्यावर."

मला काय झालं कुणास ठाऊक, मी ठरवून बोलले नाही. "आई, लायक लोकांसाठीच असतं ना ते, तर आज तो ट्रे जसा निघाला तसा भरलेला परत गेला असता. मीही घेतलं. मी तुम्हाला त्या दिवशी ते कसं सांगितलं, ते तुम्हाला माहीत आहे. मजा वाटत होती मला."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आता बसणार एक, म्हणून मी खांदे आवळले. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. पण सांगितलंस ते बरं केलंस." आणि थोड्या वेळाने, "ट्रेचं चांगलं बोललीस."

त्यांच्या घरी पोचलो तर दार मुलीनेच उघडलं. वीकेंडला ती घरी आली होती. आम्हाला बघून तिचा चेहरा कोरा झाला. तिचे आईवडील धावत आले, या या, बसा बसा, चहा टाकते, सुरू झालं. सासूबाई बसल्या नाहीत. दारातच चपला काढून उभ्या राहिल्या आणि मुलीकडे बघून त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली.

मी थक्क झाले. सासूबाईंना इंग्रजी वाचता उत्तम येतं, पण त्या बोलत नाहीत. चुकेल म्हणून बोलत नाहीत. दुकानात बिल देतानाही मला पुढे करतात. आणि त्या दिवशी, सगळ्यांसमोर, त्या म्हणाल्या, "आय डिड रॉंग. यू वॉज प्रेइंग. आय मेक… आय मेड लाफ ऑन यू. यू आर टॉकिंग टू गॉड अँड आय केम इन द मिडल."

मुलगी म्हणाली, "इट्स ओके, आजी."

"नो. नॉट ओके. प्लीज डोन्ट से ओके फास्ट." त्या एक पाऊल पुढे आल्या. "युवर मराठी वॉज गुड. माय हार्ट वॉज नॉट गुड. प्लीज फर्गिव्ह."

मुलीच्या आईने तोंडावर हात धरला होता. मुलीने त्यांच्यामागचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "थँक यू फॉर कमिंग," आणि वर तिच्या खोलीत निघून गेली. मिठी नाही, रडणं नाही. आम्ही चहा घेतला, तिच्या वडिलांनी लॉनच्या पाण्याबद्दल बरंच सांगितलं आणि आम्ही निघालो.

मला वाटलं, सासूबाई खचल्या असतील. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "वेळ लागेल तिला."

"लागू दे. माफ करणं तिच्या हातात आहे, मी काही तगादा लावायला गेले नव्हते." त्यांनी सीटबेल्ट लावला, मान मागे टेकली आणि म्हणाल्या, "पण चहा काय केला होता गं तिने? बाप्तिस्म्याचं पाणी सुद्धा जरा…"

आणि त्या थांबल्या. वाक्य अर्ध्यातच राहिलं. त्यांनी हात तोंडावर ठेवला आणि मोठे डोळे करून माझ्याकडे पाहिलं. "बघितलंस? पाच मिनिटं नाही झाली! बघितलंस ना?"

मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. मला गाडी कडेच्या गॅस स्टेशनमध्ये घ्यावी लागली. हसता हसता त्या रडायला लागल्या, मग मीही. "प्रभू, अर्धं तरी थांबवलंस," असं त्या मोठ्याने म्हणाल्या, गाडीतच, डोळे उघडे ठेवून. त्यांचं अर्धवट राहिलेलं वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिथून निघताना त्या म्हणाल्या, "आणि तू जाड नाहीस. एअरपोर्टवर मी उगाच बोलले होते." मला वाटलं होतं, त्या ते कधीच विसरल्या असतील.

त्यानंतर त्या एकदम बदलल्या असं काही झालं नाही. उपम्यावर, पडद्यांवर, नवऱ्याच्या पोटावर वाक्यं येतच राहिली. बदल वेगळाच होता. पूर्वी त्या बोलायच्या आणि सकाळी बंद खोलीत देवाजवळ रडायच्या. आता बोलल्या की तिथेच, त्याच माणसाला म्हणायच्या, "चुकले. हे मी दुखवायला बोलले. माफ कर." पहिले काही दिवस फार अवघडल्यासारखं व्हायचं. नवरा म्हणायचा, "आई, अगं ठीक आहे यार, काय एवढं!" त्या म्हणायच्या, "ठीक नाही. माफ केलं असं म्हण." तो बिचारा रिमोट हातात घेऊन म्हणायचा, "माफ केलं."

मला वाटायचं, माफी मागून मागून त्या थकतील, पण उलट होत गेलं. चेहरा हलका झाला. मी एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, "देवाजवळ माफी मागणं मला सोपं पडायचं. तो समोर बसलेला दिसत नाही ना. आणि मनातून वाटायचं, तो आता कंटाळला असेल माझं ऐकून. पण तुम्ही माणसं रोज माफ करताय, तोंड वाकडं करून का होईना, तर तो का कंटाळेल?" पुढच्या महिन्यात ट्रे आला तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

ती मुलगी पुढच्या नाताळाच्या सभेला आली. मागच्या खुर्चीवर बसली. प्रार्थनेच्या वेळी तिने इंग्रजीत प्रार्थना केली, छोटीशी. ती संपल्यावर सगळ्यात मोठ्याने आमेन म्हणाल्या त्या सासूबाई. जेवताना ती ताट घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली. मी समोरच वाढत होते.

"आजी, कॅन आय आस्क यू समथिंग? तुम्ही ते ऑन पर्पज केलं होतं?"

सासूबाईंनी घास खाली ठेवला. "हो. तुला रडवायला नाही. सगळ्यांना हसवायला. पण तुझ्यावरून हसवायचं, हे मला कळत होतं."

मुलीने विचार केला. "आणि आता? यू स्टॉप्ड?"

"बरंचसं."

"कसं स्टॉप केलं?"

"मी नाही केलं," सासूबाई म्हणाल्या. "मी चाळीसएक वर्षं करत होते, तेव्हा काही झालं नाही. आधी वाटायचं, मी सुधारले की देव जवळ घेईल. त्याने आधीच घेतलं होतं. ते कळल्यावर जीभ आपोआप हळू झाली. घाई कशाला करायची मग, लोकांना हसवून आपली जागा धरायची?"

मुलीला सगळं मराठी कळलं की नाही, मला शंका आहे. पण ती म्हणाली, "दॅट्स नाइस," आणि त्यांच्या ताटातला लिंबाचा तुकडा न विचारता उचलून आपल्या भातावर पिळला. आता ती कधीमधी येते. दोघी मागच्या अंगणात बसतात. ती मराठी बोलते, चुकते, आणि सासूबाई तिने विचारल्याशिवाय दुरुस्त करत नाहीत. मराठीच्या बाईला हे किती जड जात असेल, ते मला त्यांच्या पायाच्या बोटांवरून कळतं. चूक ऐकली की ती आवळली जातात.

या उन्हाळ्यात माझी आई पुण्याहून आली. दोन विहिणी एका घरात, म्हणून मला धाकधूक होती. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी मी कॉल संपवून बाहेर आले तर दोघी ओट्याशी उभ्या राहून मेथी निवडत होत्या. सासूबाई आईला सांगत होत्या, "तुमची मुलगी दमते हो. भाजी आपण करू, तिला नुसतं ताटावर बसवू." मग मेथीच्या काड्या टाकायला त्या गराजमधल्या कचऱ्याच्या डब्याकडे गेल्या.

आई माझ्याजवळ सरकली आणि कुजबुजली, "फोनवर तू काय काय सांगायचीस गं! मला तर किती प्रेमळ वाटतात."

"मी खोटं सांगत नव्हते, आई."

"मग?"

मी चहाचं आधण ठेवलं, तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बस, सांगते." तेवढ्यात सासूबाई परत आल्या, आमच्या दोघींच्या चेहऱ्यांकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. त्यांनी तिसरा कप काढून ओट्यावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"मी सांगते," त्या म्हणाल्या. "तू सांगशील तर मला वाचवून सांगशील."